कानबाईच्या कपाळावरचा सोनकिडा

ये, जवळ ये. अजून थोडं. दाराशी उभं राहून अर्ध्या कानानं ऐकायचं आणि उद्या चार जणांना भलतंच सांगायचं, ही तुझी खोड मला पाठ आहे. आणि तो मोबाइल पालथा घाल बरं. उताणा असला की डोळा त्याच्याकडेच जातो. मागच्या खेपेला तुमच्याकडे आले होते तेव्हा मी घसा कोरडा करून सगळं सांगितलं आणि शेवटी तुझं काय, तर "हं, मग पुढे?" पुढे काय, पुढे डोंबल. आज असं झालं तर मी मधेच उठून भांडी घासायला जाईन, सांगून ठेवते.

आज रंगांचं सांगायचं आहे. रंगपेटीतल्या रंगांचं नव्हे. जे रंग हाताला लागत नाहीत त्यांचं.

आता तू म्हणशील, आजीला काय कळतं त्यातलं. खरं आहे. मी शाळेत फार गेले नाही. वाचायला शिकले ती किराण्याच्या पुड्यांवर. गूळ डब्यात ओतला की कागद उलगडायचा, मुंग्या झटकायच्या आणि वाचायचं. त्यामुळे माझं ज्ञान पुडीएवढंच. कागद जिथं फाटला तिथं तेही फाटलं. पुढचं मला माझ्या नातीनं शिकवलं. ती जळगावला राहते, तिचे आईवडील तिथं नोकरीला आहेत. सुट्टी लागली की आमच्या गावाला येते. आमचं गाव अमळनेरहून धुळ्याला जाताना आडबाजूला पडतं. आली की ती पिशवी ठेवायच्या आधी माझी शिकवणी सुरू करते. माझं चुकलं की डोळे मोठे करते, अगदी तिच्या बाईंसारखे.

ती म्हणते, रंग दोन जातींचे. एक हळदीच्या जातीचा. हळद कुटली तरी पिवळी, भिजवली तरी पिवळी, नव्या साडीवर सांडली तर जन्मभर पिवळी. दुसरा मोरपिसाच्या जातीचा. डोळ्याला दिसतो, पण पकडायला जावं तर जागेवर नसतो.

ही दुसरी जात आमच्या घराला फार आधीच भेटून गेली होती, आम्हाला कळलं नव्हतं इतकंच. माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांना सगळा गाव अक्का म्हणतो. अक्कांना एकदा देवाचा चौरंग मोरपिशी रंगवायचा होता. बाजारातला एकही रंग त्यांना पटेना. मग त्यांनी शेताच्या बांधावर पडलेली मोरपिसं वेचून आणली, त्यातले डोळे डोळे कातरले आणि खलबत्त्यात घालून कुटायला बसल्या. त्यांचं म्हणणं, रंग पिसातच आहे ना, मग कुटल्यावर जाईल कुठं?

तर गेला. कुटता कुटता निळा गेला, हिरवा गेला, सोनेरी गेला आणि तळाशी उरली तपकिरी पूड. अक्कांनी खलात डोकं घालून पाहिलं, बत्ता झटकून पाहिला, मग माझ्या पदराच्या गाठीकडे पाहिलं, जसा काही रंग मीच चोरून बांधून ठेवला होता. शेवटी ती पूड वाटीत काढून ओट्यावर ठेवली आणि रागारागानं आत निघून गेल्या. ओटा म्हणजे नानांची जागा. नाना म्हणजे अक्कांचे यजमान, माझे थोरले दीर, आणि तपकिरीचे मोठे शौकीन. पुढचं मी सांगायलाच हवं का? त्या शिंकांनी समोरच्या घरचं वासरू दावं तोडून पळालं. नाना मात्र आजही म्हणतात, तशी कडक तपकीर पुन्हा मिळाली नाही.

असो. मी कुठं होते? हां, कानबाईवर यायचं होतं. आधी तिची रीत समजून घे, नाहीतर अर्ध्या वाटेत विचारशील, "हे कोण?"

श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई बसते. देवी म्हणजे नारळ. आमच्या घरचा नारळ पिढ्यान् पिढ्या तोच आहे. त्याला हळद लावायची, चांदीचे डोळे चिकटवायचे, नथ घालायची, वेणी माळायची आणि चौरंगावर बसवायचं. दोन्ही बाजूंना केळीचे खांब. सगळे भाऊबंद एका घरी जमतात. रोटाचा, म्हणजे देवीच्या नैवेद्याचा स्वयंपाक होतो, पुरणपोळ्या, खीर, सगळं साग्रसंगीत. रात्री गाणी होतात. सोमवारी सकाळी कानबाईला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर न्यायचं, तिथं तिचे दागिने उतरवायचे, नारळ पाण्यात बुडवून काढायचा, निरोप द्यायचा आणि पुढच्या वर्षासाठी घरी जपून ठेवायचा.

आणि आमच्या घरचा एक नेम आहे. एकदा कानबाई बसली की नदीवर पोचेपर्यंत तिच्या अंगावरच्या कशालाही हात लावायचा नाही. नथ वाकडी झाली तर वाकडी. वेणी घसरली तर घसरली. एका वर्षी एक डोळा गळून पडला. सगळ्या बायका अक्कांकडे बघायला लागल्या. अक्का शांतपणे म्हणाल्या, देवी डोळा मारते आहे असं समजा, आणि आरती सुरू केली. असा कडक नेम.

आता सोनकिडा. ज्या वर्षी तो आला, त्या वर्षी नात शनिवारीच आली होती. आली ती नाल्याकडे पळाली. नाल्याच्या काठानं बेशरमीची झुडपं आहेत. तू पाहिली असशील, फिकट जांभळ्या भोंग्यांसारखी फुलं येतात. कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही, ढोरं तोंड लावत नाहीत, आणि तोडलं की दुप्पट वाढतं. अशा त्या झुडपाच्या पानावर तिला सोनकिडा सापडला. टिकलीएवढा, टिकलीसारखा गोल, मधोमध लखलखीत सोनं आणि भोवती काचेसारखी झालर. पाठ अगदी कासवासारखी. घाबरला की पाय, मिशा, डोकं सगळं पाठीखाली ओढून घेतो आणि बसल्या जागी घट्ट चिकटतो. मग त्याच्या सख्ख्या आईलाही ओळखू येणार नाही की हा किडा आहे.

नातीनं माझ्या कानात सांगितलं की तो जिवंत जळगावला न्यायचा, वर्गाला दाखवायचा आणि पुढच्या खेपेला परत आणून सोडायचा. "जिवंत" हा शब्द तिनं दोनदा म्हटला. कारण मागच्या वर्षीचा तिचा सोनकिडा डबीतच मेला होता. आणि मेल्यावर काय झालं, तर त्याचं सोनं गेलं. सकाळी डबी उघडली तर आत वाळक्या पानाच्या रंगाची टिकली. पोर इतकी रडली की तिच्या आईला वाटलं शाळेत काही झालं. म्हणून या वेळी तिनं फार जपलं होतं. देवघराच्या कोनाड्यातली कुंकवाची एक रिकामी डबी घेतली, झाकणाला सुईनं भोकं पाडली, आत बेशरमीचं पान आणि पानावर सोनकिडा.

डबी तिनं कुठं ठेवली? होती तिथंच, कोनाड्यात. का, तर तिथं कोणी हात लावत नाही. मुलगी हुशार आहे, पण रविवारी कानबाई बसणार होती आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त हात देवघराच्या कोनाड्यातच जातात, एवढं तिच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी अक्कांची सून देवी सजवत होती. तिकडे दूध उतू चाललेलं, इकडे पोरगं पायात घुटमळणारं. तिनं हाताला आली ती डबी उघडली, आत कुंकवाऐवजी पान दिसलं, "सासूबाईंचा काहीतरी उपाय असेल" असं म्हणून झाकण लावलं आणि दुसरी डबी घेतली. तेवढ्यात आतला पाहुणा बाहेर पडून बरोबर नारळावर जाऊन बसला, हे कोणाच्याही ध्यानात आलं नाही. दिवे लागले, सगळे जमले, अक्कांनी आरतीचं ताट उचललं आणि थबकल्या.

कानबाईच्या कपाळावर सोन्याची टिकली.

सुनेला वाटलं सासूबाईंनी लावली. सासूबाईंना वाटलं सुनेनं लावली. मला वाटलं दरवर्षीचीच असेल, आपलं लक्ष नसेल. मग अक्कांची नजर फिरत फिरत जावयावर गेली. अक्कांचे जावई जळगावला सराफाच्या दुकानात काम करतात. आता जळगाव म्हटलं की आमच्या माणसांना सोन्याशिवाय काही सुचत नाही. घरात काहीही चमकलं, मग ती स्टीलची वाटी का असेना, पहिला प्रश्न, "जळगावहून आणलं का?" अक्कांनीही तेच विचारलं. आणि जावईबापू हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यांनी मान जराशी तिरपी केली, दोन्ही हात थोडे उघडले आणि असे हसले, की आता स्वतःच्या तोंडानं काय सांगायचं.

त्या एका हसण्यावर त्यांना काय काय मिळालं म्हणून सांगू. आमच्याकडे रोटाचं जेवण भाऊबंदांचं, जावयासाठी स्वयंपाक वेगळा. एरवी त्यात वरणभात आणि एक भाजी. त्या दिवशी साजूक तुपातला शिरा झाला, बसायला पाट आला, पंखा त्यांच्याकडे वळवला. नानांनी आपल्या तपकिरीची डबी पुढं केली, जी ते सख्ख्या भावाला देत नाहीत. आणि जावईबापूंचा धीर प्रत्येक घासाला वाढत गेला. पहिल्या घासाला ते म्हणाले, साधीच आहे. शिरा संपता संपता म्हणाले, एक नंबर सोनं आहे, अशी पॉलिश जळगावबाहेर होत नाही.

तिकडे देवीसमोर निराळंच पेटलं होतं. दारापाशी बसलेली एक चुलत सासू म्हणाली, टिकली हिरवट झाक मारते. केळीच्या खांबाजवळ बसलेली म्हणाली, कुठली हिरवट, चांगली पिवळीधमक आहे. खिडकीकडची म्हणाली, लालसर आहे, मला मोतीबिंदू नाही. "हिरवी शे वं माय." "पिवळी शे." "लाल शे, देवीनी आण." गाणं राहिलं बाजूला. तिघी तीन रंगांवर अडून बसल्या, आणि गंमत म्हणजे तिघी खरं बोलत होत्या.

तेवढ्यात नात माझ्या पदराला लोंबकळली. हातात रिकामी डबी. म्हणाली, "आजी, ती टिकली नाही. तो माझा सोनकिडा आहे."

मी आधी तिचं तोंड दाबलं. मग कानबाईकडे नीट पाहिलं. काचेची झालर दिसली. हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. अक्कांचा चेहरा दिव्यासारखा उजळलेला. नेम असा की हात लावायचा नाही. आणि सकाळी देवी नदीवर जाणार, तिथं अक्का स्वतः एकेक दागिना चिमटीत धरून उपटणार. अक्कांची चिमूट मी ओळखते. त्या अक्रोड हातानं फोडतात. आणि चिमटीतून सुटला तर पुढे पाणी. नातीनं हे सगळं माझ्याआधीच ताडलं होतं. तिनं एवढंच विचारलं, तो मरेल का. मी म्हटलं, नाही मरणार, आपण बघू. म्हणाले खरी, पण काय बघणार ते मलाही ठाऊक नव्हतं.

सांगायची हिंमत होईना, तर निदान भांडण तरी मिटवावं म्हणून ती पोर त्या तिघींच्या मधे जाऊन उभी राहिली. म्हणाली, जागा बदला. त्या म्हणाल्या, का? ती म्हणाली, बदलून तर बघा. दारापाशीची खिडकीत गेली, खिडकीतली खांबाजवळ, खांबाजवळची दारात. आणि झालं उलटच. हिरवीवाली म्हणायला लागली लाल, लालवाली म्हणायला लागली पिवळी. मग काय, सगळ्या बायकांना तो नादच लागला. उठ, बस, इकडून बघ, तिकडून बघ. देवीसमोर संगीतखुर्ची चालल्यासारखी. एकटे नाना गुडघ्यामुळे जागचे हलले नाहीत आणि म्हणत राहिले, मी हललो नाही, म्हणून मला दिसतो तोच खरा रंग.

हे असं का होतं, ते तिनं मला नंतर चुलीपाशी समजावलं आणि मला जसं कळलं तसं तुला सांगते. आमच्याकडे खापरावर पुरणाचे मांडे करतात, पातळ, एकावर एक पापुद्रे. सोनकिड्याच्या पाठीवर, मोराच्या पिसात असेच पापुद्रे असतात, पण इतके पातळ की आपला मांडा त्यापुढे गोधडी. उजेड आला की थोडा वरच्या पापुद्र्यावरून परत फिरतो, थोडा आत जाऊन खालच्यावरून परत फिरतो. दोघं परत येताना भेटतात. आता उजेडात सगळेच रंग असतात ना? ज्या रंगाची पावलं जुळली त्याची फुगडी रंगते, तो झळकतो. ज्याची पावलं चुकली त्याचे हात सुटतात आणि तो आपटतो, दिसतच नाही. तू जागा बदललीस की वाट तिरपी होते, मग दुसऱ्याच रंगाची फुगडी जुळते. म्हणून दारातून हिरवा, खिडकीतून लाल. आणि अक्कांनी पीस कुटलं तेव्हा झालं काय, तर पापुद्रे मोडले, म्हणजे अंगणच फुटलं. फुगडी घालणार कुठं?

मी म्हटलं, मग हे फक्त मोराचं आणि याचं का? ती म्हणाली, छे, आजी, डोळे उघडून बघ. मग मी बघायला लागले. पारव्याची मान, हलली की जांभळी, वळली की हिरवी. केळीच्या बागेत कमळ लोंबतं, म्हणजे केळफूल, त्याचा मध प्यायला अंगठ्याएवढा शिंजीर पक्षी येतो. सावलीत काळा कुळकुळीत, मी त्याला कितीतरी वर्षं कोळशाचा तुकडा समजत होते. उन्हात आला की शालू नेसल्यासारखा निळाजांभळा. पाण्यावरच्या खंड्याची निळी पाठ. बाजारातल्या मासोळीचे खवले. आणि गुळावर बसते ना, ती हिरवी माशी, तीसुद्धा. तिला मी फडक्यानं हाणते, पण आता हाणायच्या आधी क्षणभर बघते. तेवढ्यात ती उडून जाते. विज्ञान शिकल्यापासून माझ्या हातून एक माशी मेलेली नाही.

बरं, मी भरकटले. सोमवार सकाळ.

रात्रभर गाणी झाली, ढोलकी झाली, चौरंगापुढे नाचून झालं. सकाळी अक्का देवीला हात जोडायला गेल्या आणि दिवा जवळ धरून बघायला लागल्या. कानबाईच्या कपाळावरचं सोनं गेलं होतं. टिकली होती, जागच्या जागी होती, पण विटकरी, मळकट, जुन्या पैशासारखी.

सगळं घर गोळा झालं. आणि हळूहळू, एकेक करून, सगळ्यांच्या माना जावयाकडे वळल्या. जावईबापू दात घासत होते. एक नंबरचं सोनं एका रात्रीत तांबं झालेलं त्यांनी पाहिलं आणि मंजन गिळलं. म्हणायला लागले, हवेचा परिणाम असेल, श्रावणात दमट असतं. नाना म्हणाले, आमच्या लेकीच्या बांगड्यांना श्रावण लागत नाही वाटतं.

मी मात्र नातीकडे बघत होते. ती पांढरीफटक पडली होती. तिला मागच्या वर्षीची डबी आठवत होती. सोनं गेलं म्हणजे तो गेला, एवढंच तिच्या डोक्यात. ती रडली नाही. वळली आणि दारातून अशी सुटली की चप्पल घालायचंही भान नाही. परत आली तेव्हा पाय चिखलानं भरलेले आणि हातात बेशरमीची कोवळी डहाळी. सगळे जावयात गुंतले होते. तिनं ती डहाळी हळूच वेणीच्या फुलांलगत, नारळाला टेकेल अशी चौरंगावर ठेवली. देवीला बोट लावलं नाही. नेम पाळला पठ्ठीनं.

पण अक्कांच्या नजरेतून काही सुटतं का? त्यांनी तो पाला ओळखला आणि घर हादरेल अशा आवाजात विचारलं, "आठे बेशरम कोनी ठेवी?"

खोटं सांगत नाही, अर्ध्या घरानं पुन्हा जावयाकडेच पाहिलं.

नात पुढं झाली. अक्कांना ती मोठी आजी म्हणते. म्हणाली, "मोठी आजी, मी ठेवली. ती टिकली नाही, तो माझा सोनकिडा आहे. तो काल संध्याकाळपासून उपाशी आहे."

अक्का तिच्याकडे बघतात, टिकलीकडे बघतात, जावयाकडे बघतात. मी मनात म्हटलं, आता या पोरीचं आणि माझं काही खरं नाही. आणि तेवढ्यात टिकलीखालून दोन मिशा बाहेर आल्या. केसासारख्या बारीक. डावीकडे हलल्या, उजवीकडे हलल्या. मग टिकली कपाळावरून निघाली. भुवईवरून खाली, चांदीच्या डोळ्याला वळसा घालून, नथीच्या मोत्यावर क्षणभर थांबली, दम खाल्ला, आणि तिथून सरळ बेशरमीच्या पानावर.

नाना सगळ्यात आधी बोलले. "टिकलीले पाय फुटनात."

मग कोणाला हसू आवरेना. हसून हसून सुनेच्या डोळ्यांतून पाणी आलं, खिडकीवाली बाई खांबाला धरून बसली. एकट्या अक्का हसत नव्हत्या. त्या वाकून पानाकडे बघत होत्या. मग जावयाकडे वळून, अगदी सावकाश म्हणाल्या, "जावईबापू, तुमनं सोनं पाला खाई ऱ्हायनं." जावईबापूंनी मान खाली घातली ती दुपारपर्यंत वर केली नाही. पण शिरा तर पोटात गेला होता, तो थोडाच परत येणार?

नात अजून तशीच उभी होती. किडा जिवंत आहे हे तिला दिसत होतं, पण तो तसाच विटकरी होता. शिवाय अक्का काय ठरवतात, हेही बाकी होतं. एक बाई म्हणाली, अपशकुन तर नाही ना. दुसरी म्हणाली, काठीनं बाहेर टाका. नातीनं दोन्ही हात त्या पानाभोवती कुंपणासारखे धरले. तेव्हा अक्का सरळ उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि निकाल दिला. "तिले कोनी हात लावा नही. ती सोता चालत उनी, सोता चालत जाई." म्हणजे तिला कोणी हात लावला नाही, ती स्वतः चालत आली, स्वतः चालत जाईल. म्हणजे नेम मोडला नव्हता. म्हणजे टिकली पाहुणी होती, आणि पाहुणीला कानबाईबरोबर वाजतगाजत नदीपर्यंत पोचवायचं.

अशी वरात तू पाहिली नसशील. पुढं अक्का, डोक्यावर कानबाई. बाजूला नात, दोन्ही हातांत बेशरमीची डहाळी, डोळे पानावरून हलत नाहीत. मी तिच्यावर छत्री धरलेली, पाऊस नसताना. मागे बायका. आणि सगळ्यात मागे वाजंत्री, वाजवत नसलेले. कारण नातीनं अक्कांना सांगितलं होतं, त्या सोन्याच्या पापुद्र्यांत ओल असते, काही सोनकिडे घाबरले की ती ओल आत ओढून घेतात आणि सोनं जातं. रात्रभर ढोलकीनं तो घाबरला असेल. भीती गेली तर कदाचित परत येईल. कदाचित, असं म्हणाली, कारण तिलाही खात्री नव्हती. अक्कांनी वळून वाजंत्र्यांना बजावलं, "बठ्ठा चूप बसा. पाव्हनी घाबरी जायेल शे." तर ते बिचारे ढोल गळ्यात अडकवून पावलं न वाजवता चालले होते. वाटेतली माणसं दारात येऊन विचारायची, कानबाईच आहे ना ही?

पांझरा नदीच्या काठावर पोचलो. अक्कांनी देवी उतरवली, पण दागिन्यांना एवढ्यात हात घातला नाही, आधी पाहुणी. काठावर बेशरमीचं मोठं रान आहे, तिथं नातीनं डहाळी टेकवली. सोनकिडा चालत चालत झुडपावर गेला, एका पानाच्या आडोशाला बसला आणि कुरतडायला लागला. आम्ही सगळे उभे. कोणी खोकलंसुद्धा नाही. नानांना शिंक येत होती, ती त्यांनी धोतराच्या सोग्यात कोंबली. ऊन ढगातून बाहेर आलं, पुन्हा गेलं, पुन्हा आलं. किडा विटकरीच. नात मला चिकटून उभी होती.

मग झालरीच्या आतल्या कडेला बारीकशी एक रेघ चमकली. आधी मला वाटलं दवाचा थेंब. रेघ सरकली, पाठीवर चढली, जशी कढईत तुपाची धार पसरते. बघता बघता सगळी पाठ सोन्याची झाली. नातीनं किती वेळ रोखून धरलेला श्वास सोडला, आणि मग कुठं रडली, अगदी भोकाड पसरून, हसत हसत. अक्कांनी तिला पोटाशी धरलं. दुसऱ्या हातानं वाजंत्र्यांना खूण केली, पण हळू वाजवा म्हणून.

बायका झुडपाभोवती गोळा झाल्या. एक म्हणाली, हिरवट आहे. दुसरी म्हणाली, पिवळाधमक. त्यावर तिघीचौघी न भांडता एकमेकींच्या जागा बदलायला लागल्या. जावईबापू मागून टाचा उंचावून बघत होते. त्यांना अक्कांनीच हाताला धरून पुढं ओढलं आणि म्हणाल्या, बघा नीट, दुकानात सांगाल.

नातीनं तो जळगावला नेला नाही. बाईंना दाखवायचा होता, वर्गाला दाखवायचा होता, सगळं होतं. पण डबी काढली नाही तिनं. मी विचारलं, तर म्हणाली, इथं ज्याला बघायचा त्यानं इथं यावं. मला ते फार पटलं. मी त्याचा फोटो काढायचाही यत्न केला, मोबाइलमध्ये नुसती पिवळी चकती आली. जागा बदलल्यावर रंग बदलतो, ते फोटोत कसं येणार? फोटो तर एकाच जागी बसून असतो, नानांसारखा.

म्हणून म्हणते, तू ये. श्रावणातच ये असं नाही, पावसाळ्यात केव्हाही ये, पण लवकर ये. अमळनेरहून एसटी मिळते, फाट्यावर मी घ्यायला येईन. चपला चिखलात जातील अशाच घालून ये. आपण दोघं नदीकाठी जाऊ, मी झुडपाच्या या बाजूला उभी राहीन, तू त्या बाजूला. मला कुठला रंग दिसतो ते मी सांगेन, तुला कुठला ते तू सांग. मग जागा बदलू. येशील ना?